कोपनहेगनची डिझाइन सहल: पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

इंटिरिअर, प्रॉडक्ट किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्यांची परदेशी अभ्याससहल निघाली की डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनचं नाव येतंच. शहर आटोपशीर आहे, मेट्रो चोवीस तास चालते, आणि खुर्चीपासून कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पापर्यंत बरंच काही पायी किंवा सायकलवर बघता येतं. आमच्या गटाची कागदपत्रं, ईमेल आणि वेळापत्रक माझ्याकडे होतं. परत आल्यापासून ज्युनिअर मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते: दिवसाला दोन ठिकाणं, फार तर तीन. ट्रॅव्हल एजंटच्या कागदावर दिवसाला सात-आठ नावं असतात आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढण्यापुरता वेळ. फोटो पुण्यात बसूनही बघता येतात. खुर्ची बसल्यावर कळते आणि जिना चढल्यावर. खालच्या सगळ्या सूचना हे धरूनच लिहिल्या आहेत.

१. आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

आपल्या सुट्ट्या मे-जून आणि दिवाळीत. दोन्हीत खाचखळगे आहेत.

मेचा शेवट ते जूनचा मध्य सगळ्यात चांगला. रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळी जेवूनही स्केचिंगला बाहेर पडता येतं. मात्र या काळात ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या येतात. असेन्शन गुरुवारी असतो आणि लोक शुक्रवार जोडून चार दिवस गायब होतात. ५ जूनला त्यांचा संविधान दिन असतो, त्या दिवशीही बरंच बंद असतं. जूनमध्येच 'थ्री डेज ऑफ डिझाइन' हा उत्सव भरतो. शहरभर शोरूम आणि स्टुडिओ उघडे असतात, आत जायला पैसे लागत नाहीत, आणि विद्यार्थ्यांसाठी ती पर्वणीच असते. पण त्या दिवसांत राहायच्या जागांचे दर भडकतात. तेव्हा जायचं असेल तर बुकिंग कित्येक महिने आधी करा.

जुलै टाळा. डेन्मार्कमध्ये जुलैत तीन आठवडे जवळपास सगळे एकदम सुट्टीवर जातात. संग्रहालयं उघडी असतात, पण स्टुडिओ आणि वर्कशॉपचे दरवाजे बंद. दिवाळीत जायचं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यात त्यांच्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि संग्रहालयांत लहान मुलांची झुंबड उडते. नोव्हेंबर लागला की दिवस झपाट्याने लहान होतो, डिसेंबरात तर दुपारी पावणेचारच्या आसपास अंधार पडतो. बाहेरच्या इमारती बघायच्या तर हे परवडणारं नाही. कॉलेज सोडत असेल तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा माझ्या मते मे-जूनच्या तोडीचा काळ आहे.

२. व्हिसा

डेन्मार्क शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. आधी डेन्मार्कच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले असतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. गट मोठा असेल तर तीन महिने आधी अर्ज आत गेलेले बरे.

लागणारे कागद:

- पासपोर्ट. गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी.
- ३५ × ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो.
- कॉलेजचं बोनाफाईड आणि वेगळं पत्र. सहल अभ्यासक्रमाचा भाग आहे, सोबत कोणते शिक्षक आहेत, तारखा कोणत्या, हे त्यात स्पष्ट हवं.
- ज्या स्टुडिओंनी किंवा संस्थांनी भेट मान्य केली त्यांची पत्रं किंवा ईमेल.
- दिवसवार कार्यक्रम, राहण्याचं बुकिंग, विमानाचं आरक्षण.
- किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. तो सगळ्या शेंगेन देशांना लागू हवा.
- खर्च आईवडील करत असतील तर त्यांचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नातं दाखवणारा पुरावा.
- कुणी अठरा वर्षांखालचं असेल तर दोन्ही पालकांची संमती. पहिल्या वर्षाच्या गटात असं कुणीतरी असतंच.

आता पैशांची गोष्ट, जी एजंट सहसा सांगत नाहीत. मोठ्यांसाठी शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे. पण अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ही फी माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या व्हिसा संहितेतच आहे. म्हणून कॉलेजच्या पत्रात 'टूर' हा शब्द नको. अभ्यासाचा उद्देश, विषय आणि भेटी ठळक लिहून घ्या आणि अर्ज देताना सवलत मागा. निर्णय त्यांचा असतो, आणि व्हीएफएसचं सेवाशुल्क तरीही भरावं लागतं. पण वीस-पंचवीस जणांच्या गटात ही रक्कम विचारण्याजोगी आहे.

नेहमीचे तीन घोळ. पहिला, सहलीत स्टॉकहोमही जोडलं आणि मुक्काम तिथे जास्त झाला, तर अर्ज स्वीडनकडे करावा लागतो. जास्त रात्री जिथे, व्हिसा तिथला. दुसरा, विमान फ्रँकफर्ट किंवा अॅमस्टरडॅमला बदलत असेल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, कोपनहेगनला नाही. दोन विमानांमध्ये तासाभराचंच अंतर ठेवलंत तर गट फुटतो. त्यात आता पहिल्यांदा जाणाऱ्यांचा सीमेवर फोटो घेतात आणि ठसे तपासतात. तिसरा, आधी कुणी शेंगेनला जाऊन आलं असेल आणि ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. हे त्या व्यक्तीने अर्जात लिहायला हवं.

एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मिळतं, म्हणून पॅनकार्ड कोणाचं दिलं ते लिहून ठेवा आणि प्रमाणपत्र मागून घ्या.

३. भेटीसाठी ईमेल कसा लिहायचा

सहलीचा खरा कस इथे लागतो. संग्रहालय पैसे भरून कुणालाही बघता येतं. स्टुडिओत बसून ड्रॉइंगं बघायची तर कुणीतरी 'या' म्हणायला हवं.

आठ-दहा आठवडे आधी लिहा. ईमेल छोटा ठेवा. 'आदरणीय महोदय'छाप तीन परिच्छेदांची प्रस्तावना आपल्याकडे चालते, तिथे लोक एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, प्राध्यापकांनासुद्धा. पाच-सहा ओळींत लिहा: आम्ही कोण, किती जण, कोणत्या वर्षाला, तुमचं नेमकं कोणतं काम अभ्यासलं आहे, काय बघायचं आहे, आणि दोन पर्यायी तारखा. 'तुमचं काम खूप आवडतं' यापेक्षा 'तुमच्या अमुक इमारतीतल्या जिन्याच्या कठड्याबद्दल विचारायचं आहे' याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

उत्तरात 'आम्हाला आठवडा ३६ चालेल' असं आलं तर गोंधळू नका. तिकडे वर्षाचे आठवडे क्रमांकाने मोजतात आणि सगळी आखणी त्यावर होते. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचा क्रमांक दाखवण्याची सोय चालू करून ठेवा. भेट सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी एक ते तीन मागा. साडेअकरा-बाराला ते जेवतात, चारला ऑफिसं रिकामी होऊ लागतात. शुक्रवार दुपार मागूच नका. आणि दहाची वेळ म्हणजे दहा. उशीर होणार असेल तर कळवा, पाच मिनिटांचा असला तरी.

पंचवीस जणांना एकाच वेळी कुठलाही छोटा स्टुडिओ घेणार नाही. गटाचे दोन भाग करून दोन वेगळ्या जागा मागणं सोपं जातं. संध्याकाळी एकमेकांना सांगा, त्याने नोंदीही पक्क्या होतात.

गप्पांना सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर एक धागा हाताशी ठेवा: मुंबईची लार्सन अँड टुब्रो १९३८ मध्ये हेनिंग होल्क-लार्सन आणि स्योरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी सुरू केली.

४. राहणं, खाणं, पैसे

हॉस्टेल घ्या, स्वयंपाकघर असलेलं. चादर-उशीचे अभ्रे भाड्यात धरलेले आहेत का ते आधी बघा. बऱ्याच हॉस्टेलांत त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि स्लीपिंग बॅग काही ठिकाणी चालत नाही.

बाहेर एक कॉफी ४०-५० क्रोनरला पडते. मी मनात तेराने गुणत होते, मग गुणणं सोडून दिलं. सकाळ-संध्याकाळ हॉस्टेलात करायचं, दुपारी राईचा पाव, चीज, काकडी असं डब्यात न्यायचं, हे सगळ्यांत परवडतं. नेटो, लिडल, रेमा १००० ही स्वस्त किराणा दुकानं. शाकाहारी मंडळींचं अडत नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर एक ते तीन क्रोनर अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते.

घरून काय न्यायचं? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या, भाजलेला रवा. काय न्यायचं नाही? दुधाचे आणि मांसाचे पदार्थ. युरोपीय संघाबाहेरून ते नेण्यावर बंदी आहे. पेढे, खवा, साजूक तूप घरीच राहू द्या. आजीने प्रेमाने दिलेला कढीपत्त्याचा जुडगाही.

चलन क्रोनर, युरो नव्हे. रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही, कित्येक ठिकाणी घेतही नाहीत. फॉरेक्स कार्ड घेताना त्यावर डॅनिश क्रोनर भरता येतो का ते विचारा. नुसते युरो भरलेलं कार्ड वापरलंत तर प्रत्येक व्यवहाराला चलनबदलाचा आकार लागतो. आणि यंत्राने 'रुपयांत भरायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो.

५. शहरात फिरणं

विमानतळावरून मेट्रो थेट शहराच्या मध्यात नेते, पंधरा-वीस मिनिटांत. २००२ पासून धावणाऱ्या या गाडीला चालक नाही, तेव्हा पुढच्या काचेशी जागा मिळाली तर सोडू नका.

गटासाठी सिटी पास सोपा: २४ तासांपासून १२० तासांपर्यंतचा मिळतो. छोटा पास झोन १ ते ४ मध्ये चालतो, त्यात विमानतळही येतो. सापळा असा की डिझाइनवाल्यांना हवी असलेली निम्मी ठिकाणं उत्तरेच्या किनाऱ्यावर आहेत आणि ती या झोनांच्या बाहेर पडतात. हुमलेबेक किंवा क्लाम्पेनबोर्गला जाणार त्या दिवशी मोठा पास किंवा वेगळं तिकीट काढा. तपासनीस आला तर 'माहीत नव्हतं' चालत नाही, दंड जबर आहे.

सायकल भाड्याने घ्यायची तर आधी रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव करा. उजवीकडून चालवायची, ओव्हरटेक डावीकडून. थांबण्याआधी हात वर करायचा, वळताना त्या बाजूचा हात बाहेर. सिग्नल लाल असताना उजवीकडेही वळायचं नाही. अंधारात पुढे-मागे दिवे सक्तीचे. आणि पायी चालणाऱ्यांनो, सायकलच्या पट्ट्यात उभं राहून ग्रुप फोटो काढू नका. ऑफिसला निघालेले लोक घंटी वाजवतात, दुसऱ्यांदा ओरडतात.

६. काय बघायचं, कसं बघायचं

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. सोमवार इमारती आणि रस्ते यांच्यासाठी ठेवा.

खुर्च्या. डिझाइनम्युझियम डॅनमार्क अठराव्या शतकातल्या फ्रेडरिक्स हॉस्पिटलच्या इमारतीत आहे. १९२०च्या दशकात तिचं संग्रहालयात रूपांतर करणाऱ्यांत कोरे क्लिंट होते, ज्यांनी १९२४ पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर शिकवून एक पिढी घडवली. तिथलं खुर्च्यांचं बोगद्यासारखं दालन प्रसिद्ध आहे. पण तिथे खुर्च्या बघायच्या असतात, बसायचं नसतं. म्हणून सकाळी संग्रहालय आणि दुपारी शोरूम असा दिवस लावा. सकाळी प्रत्येकाने एकच खुर्ची निवडायची, पेन्सिलने तीन बाजूंनी काढायची, सांधे कुठे आहेत ते लिहायचं. दुपारी तीच खुर्ची शोरूममध्ये शोधून बसायचं, उलटी करून बघू का असं विचारायचं, टेप लावायची.

डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची (१९४९चं डिझाइन) निवडलीत तर बैठकीची वीण बघा. सुमारे १२० मीटर कागदी दोरी एका बैठकीला लागते. गावाकडे बाज विणताना पाहिली असेल तर इथे कोपऱ्यात दोरी कशी वळवली आहे ते बघायला मजा येते. आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनची मुंगी खुर्ची १९५२ मध्ये नोवो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी केली होती, मूळची तीन पायांची. त्यांचीच 'एग' ही खुर्ची १९६० मध्ये उघडलेल्या एसएएस हॉटेलसाठी. ते हॉटेल मध्यवर्ती स्टेशनजवळ आजही चालू आहे. पंचवीस जणांनी लॉबीत घुसू नका. तिघे-चौघे जा, कॉफी घ्या, बसा.

विटा. शहराच्या वायव्येला बिस्पेब्येर्गमध्ये ग्रुंट्विग चर्च आहे. माझं मत विचाराल तर अख्ख्या सहलीत एकच इमारत बघायची झाली तर ही. बांधकाम १९२१ ते १९४०. येन्सेन-क्लिंट यांनी आराखडा केला, त्यांच्या निधनानंतर मुलगा कोरे क्लिंट यांनी काम पुरं केलं. पन्नास-साठ लाख पिवळ्या विटा. खांब, कमानी, वेदी, प्रवचनपीठ, सगळं त्याच विटेचं, गिलावा नाही, रंग नाही. आत कोरे क्लिंट यांच्या साध्या लाकडी खुर्च्या ओळीने मांडलेल्या आहेत, आणि त्यांवर फुकट बसता येतं. भिंतीच्या एका मीटर चौकटीत विटांचे थर मोजा, कमानीजवळ विटा कशा वळल्यात ते काढा. दोन तास सहज जातात. रविवारी प्रार्थना असते, ती वेळ टाळा.

किनारा. क्लाम्पेनबोर्गला लोकल संपते तिथेच १९३०च्या दशकातले याकोबसेन भेटतात: बेलेव्ह्यू समुद्रकिनारा, जीवरक्षकांचे निळ्या पट्ट्यांचे मनोरे, थिएटर आणि बेलाव्हिस्टा ही समुद्राकडे तिरकी वळलेली पांढरी घरं. तिथून दक्षिणेला चालत गेलं की स्कोव्सहोवेडचा पेट्रोलपंप, त्यावर छत्रीसारखं गोल छत. जवळच ओर्ड्रुपगार्ड संग्रहालयात फर्निचर डिझायनर फिन यूल यांनी १९४२ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं घर आहे. ते ठरावीक दिवशीच उघडतं, म्हणून आधी त्याची वेळ बघा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

लुइझियाना. हुमलेबेकला, राजधानीपासून ३५ किलोमीटर. १९५८ मध्ये उघडलेलं हे कलासंग्रहालय यॉर्गन बो आणि व्हिल्हेल्म व्होलर्ट यांनी जुन्या बंगल्याला काचेच्या गल्ल्या जोडत जोडत उभारलं. मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, ही फार मोठी सोय. दुपारी किनाऱ्यावर आणि संध्याकाळी इथे असा दिवस होतो. चित्रं बघाच, पण गल्लीची रुंदी, छताची उंची आणि झाडं नेमकी कुठे दिसतात तेही टिपा.

नवं शहर. मेट्रोने ओरेस्टडला जा. तिथलं टिएटगेन वसतिगृह (२००६) गोल आहे, प्रत्येक बारा खोल्यांमागे एक सामाईक स्वयंपाकघर आतल्या अंगणाकडे तोंड करून. आपल्या हॉस्टेलांत राहिलेल्या कुणालाही यावर बोलायला भरपूर सुचतं. पुढे आठच्या आकड्याचं 'एट हाऊस' (२०१०). ही लोकांची घरं आहेत, खिडक्यांतून आत कॅमेरे रोखू नका. नॉरेब्रोतलं सुपरकीलन (२०१२) हे सार्वजनिक उद्यान: तिथल्या रहिवाशांच्या मूळ देशांतून आणलेल्या किंवा तशाच बनवलेल्या वस्तू, मोरोक्कोचं कारंजं, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी. फोटोत ते फार देखणं दिसतं. तिथे तासभर बसून लोक खरंच कुठे बसतात, कुठे नुसते ओलांडून जातात ते नकाशावर मांडा. फरशीचा रंग उडालाय का तेही बघा. २०१९ मध्ये खुला झालेला कोपनहिलचा कचरा प्रकल्प, ज्याच्या छपरावर स्कीइंगची उतरण आहे, वेळ उरला तर.

पैसे संपत आले असतील तर: राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ब्लॅक डायमंड' ही इमारत आत जाऊन बघायला फुकट, आणि डेव्हिड कलेक्शन या संग्रहालयात इस्लामी कलेसोबत भारतीय लघुचित्रंही आहेत, तेही फुकट.

७. बॅगेत काय

ए-फाइव्ह स्केचबुक, पेन्सिली (बऱ्याच संग्रहालयांत शाईला मनाई असते), तीन किंवा पाच मीटरची टेप, छोटा रंगसंच, विद्यार्थी ओळखपत्र. आयएसआयसी (विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय ओळखपत्र) कार्ड काढलंत तर सवलत मागताना वाद होत नाही. कटर, कंपास आणि स्टीलचा स्केल चेक-इन सामानात. आपली बारीक दोन पिनांची चार्जरं तिथे बसतात, लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर लागतो. जूनमध्येसुद्धा वारा झोंबतो, छत्री उलटी होते. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या. बूट जुने, पायाला सवय झालेले.

८. परतीच्या आधी

ज्यांनी स्टुडिओ दाखवला त्यांना निघण्याआधीच आभाराचा ईमेल करा, सोबत तिथे काढलेलं एखादं स्केच जोडा. स्टुडिओतले फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर विचारून टाका, टेबलावर चालू स्पर्धेचं काम असू शकतं.

खरेदीवर २५ टक्के कर असतो आणि तो पर्यटकांना काही अंशी परत मिळतो. एका दुकानात किमान ३०० क्रोनरची खरेदी लागते. दुकानातच फॉर्म मागून घ्या आणि वस्तू चेक-इन करण्याआधी विमानतळावरच्या काउंटरवर दाखवा. गटाने एकदम गेलात तर रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, तेवढं धरून निघा. संग्रहालयाचं पोस्टर घेतलंत तर पुठ्ठ्याची नळी तिथूनच घ्या, आणि ती हातातल्या सामानात चालेल का ते विमान कंपनीला आधी विचारा.